एकाच हंगामात दोनदा

1 नोव्हेंबर 2025 ला ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या संघाने आपल्या गावी, कॉर्व्हालिसमध्ये, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाला 10-7 असं हरवलं. बरोबर चार आठवड्यांनी, 29 नोव्हेंबरला, तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. या वेळी सामना वॉशिंग्टन स्टेटच्या गावी, पुलमनला होता आणि वॉशिंग्टन स्टेटने 32-8 अशी परतफेड केली. क्रिकेटच्या किंवा युरोपातल्या फुटबॉलच्या सवयीने बघितलं तर यात वावगं काहीच नाही. एक घरी, एक बाहेर, फिट्टंफाट. पण हे हेल्मेटवालं अमेरिकन कॉलेज फुटबॉल आहे. इथे बारा सामन्यांच्या हंगामात एका प्रतिस्पर्ध्याशी एकदाच गाठ पडते. हरलात तर ती सल वर्षभर उराशी धरून बसायचं, आणि त्यातच या खेळाची निम्मी गंमत. दुसऱ्यांदा भेट झालीच तर ती कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या, अंतिम सामन्यात किंवा प्लेऑफमध्ये, म्हणजे दोघंही फार वर पोचले असतील तरच. हे दोघं कुठेच पोचले नव्हते. ऑरेगन स्टेटने अख्ख्या हंगामात दोनच सामने जिंकले, त्यातला एक तो 10-7 चा. ते दोनदा खेळले याचं कारण अगदी साधं होतं: पॅक-12 नावाच्या त्यांच्या कॉन्फरन्समध्ये तेव्हा खेळायला दुसरं कुणी नव्हतं. नावात बारा आणि हजेरीपटावर दोन.

मात्र जास्त खुपली ती तारीख. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची सुट्टी. तो दिवस शेजाऱ्यांच्या भांडणासाठी राखलेला असतो. वॉशिंग्टन स्टेटचं भांडण सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाशी, सामन्याचं नाव ॲपल कप, पहिली लढत 1900 सालची आणि ती 5-5 अशी बरोबरीत सुटलेली. ऑरेगन स्टेटचं भांडण चाळीसेक मैलांवरच्या यूजीनच्या ऑरेगनशी. दोन्ही राज्यांत एकाच घरात दोन रंगांचे स्वेटर असतात आणि टर्कीच्या जेवणाला बसताना कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं याचा विचार करावा लागतो. 2025 च्या त्या शनिवारी दोघांचेही हक्काचे शत्रू एकमेकांशीच खेळत होते. उरलेल्या दोघांनी एकमेकांना धरलं. लग्नाच्या हॉलमध्ये दोन्हीकडची मंडळी पांगल्यावर सतरंजीवर उरलेली दोन माणसं गप्पा मारत बसतात, तसं काहीसं.

कॉन्फरन्स बदलण्याच्या बातम्या नेहमी पैशाच्या आकड्यांनी सुरू होतात. आकडे खरेच असतात आणि पुढे ते येतीलही. पण एखाद्या फुटबॉल कार्यक्रमाच्या अंगाशी काय येतं हे कळायला आधी त्याचं कॅलेंडर बघावं. बारा सामन्यांपैकी आठ किंवा नऊ कॉन्फरन्स लावून देते. कुणाशी, कधी, कुठे, याची चिंता नसते. उरलेले तीन-चार स्वतः जमवायचे, आणि त्यांचे करार पाच-पाच, कधी दहा-दहा वर्षं आधी होतात. मोठी कॉलेजं छोट्यांना एका फेरीसाठी दहा लाख डॉलर किंवा त्याहून जास्त मोजतात. परतफेडीची फेरी नसते, या आणि हरून जा. करार मोडला तर नुकसानभरपाई. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोकळे शनिवार कुणाकडेच नसतात, त्या वेळी सगळे आपापल्या कॉन्फरन्सच्या घरात असतात. ज्याचं घरच मोडलं त्याला बारापैकी तीन नाही, बाराही तारखा बाजारातून जमवाव्या लागतात, तेही एक-दीड वर्षात. मग काय हाताला लागतं? 2025 चा वॉशिंग्टन स्टेटचा ऑक्टोबर पाहा: 11 तारखेला मिसिसिपीत तिथलं विद्यापीठ ओल मिस, 18 तारखेला व्हर्जिनिया. पुन्हा 22 नोव्हेंबरला व्हर्जिनियातच हॅरिसनबर्गला जेम्स मॅडिसन. तिन्ही वेळा देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन 24-21, 22-20 आणि 24-20 अशी हार. चार गुणांपेक्षा जास्त फरक एकदाही नाही. प्रशिक्षकाने कितीही टाळलं तरी घड्याळातला दोन-तीन तासांचा फरक आणि विमानातले पाच तास या दोन-तीन-चार गुणांत कुठेतरी असणारच, असा संशय येतोच.

हे कॅलेंडर फाटायला सुरुवात झाली ती 1984 च्या जूनमध्ये. त्याआधी टीव्हीवर कोणाचा सामना दाखवायचा, किती वेळा दाखवायचा, हे एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन विद्यापीठांनी कोर्टात धाव घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ती मक्तेदारी मोडली. सामन्यांचे हक्क कॉलेजांकडे, आणि त्यांच्याकडून कॉन्फरन्सकडे आले. तेव्हापासून कॉन्फरन्स म्हणजे शेजार हा अर्थ मागे पडत गेला आणि कॉन्फरन्स म्हणजे विकायचा गठ्ठा हा अर्थ पुढे आला. गठ्ठ्यात काय घालावं हे त्या-त्या काळच्या टीव्हीने ठरवलं. केबलचे दिवस होते तेव्हा घरं मोजली जायची. बिग टेन या बड्या कॉन्फरन्सचं स्वतःचं चॅनल, बिग टेन नेटवर्क, ज्या राज्यात कॉन्फरन्सचं कॉलेज आहे तिथल्या प्रत्येक केबल जोडणीमागे महिन्याला सुमारे डॉलरभर मिळवायचं, बाहेरच्या राज्यात काही सेंट. हे गणित कळलं की 2014 मध्ये मेरीलंड आणि न्यू जर्सीच्या रटगर्सला का घेतलं ते वेगळं विचारायला नको. वॉशिंग्टन शहर आणि न्यूयॉर्कच्या आसपासची घरं हवी होती. फुटबॉल सोबत आला. आता केबल तुटत चालली, घरं मोजण्यात अर्थ राहिला नाही, मोजतात ते एका सामन्याला किती लाख लोक टीव्हीसमोर बसले हे. म्हणून आता राज्यं नाही, नावं गोळा करतात.

तारीख कशी मरते याचा सगळ्यात शिकवणारा नमुना मात्र नेब्रास्काचा आहे, आणि त्यात टीव्हीचा हात नंतर आला. नेब्रास्का आणि ओक्लाहोमा थँक्सगिव्हिंगच्या सुमारास भिडायचे. 1971 चा 35-31 चा त्यांचा सामना अजूनही जुनी मंडळी खेळीगणिक सांगतात. 1996 मध्ये बिग 12 नावाची कॉन्फरन्स तयार झाली तेव्हा दोघंही त्यात होते, कुणीच कुठे गेलं नव्हतं. फक्त बारा संघांचे उत्तर आणि दक्षिण असे दोन गट पाडले. नेब्रास्का उत्तरेत, ओक्लाहोमा दक्षिणेत. पलीकडच्या गटातल्या संघाशी दोन वर्षं सामना, दोन वर्षं विश्रांती. झालं. दरवर्षीचं वैर एका वेळापत्रकाच्या रेघेने अधूनमधूनचं झालं, आणि अधूनमधूनचं वैर म्हणजे नुसती ओळख. 2011 मध्ये नेब्रास्का बिग टेनमध्ये गेलं तेव्हा तोडायला फारसं काही उरलंच नव्हतं. गेल्यावर पैसा भरपूर मिळाला. पण पूर्वी दरवर्षी टेक्ससमध्ये खेळायला जाणं व्हायचं, तिथल्या शाळांतल्या पोरांना लाल जर्सी डोळ्यांसमोर दिसायची, आई-बाप गाडी काढून सामना बघू शकायचे. बिग टेनमध्ये ती वाट बंद झाली. नेब्रास्काने शेवटचं कॉन्फरन्स विजेतेपद जिंकलं ते 1999 मध्ये. 2017 ते 2023 सलग सात हंगाम विजयांपेक्षा पराभव जास्त. एवढ्यातही लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटं खपण्याची साखळी 1962 पासून तुटलेली नाही, चारशे सामने उलटून गेले. सगळा दोष कॉन्फरन्स बदलण्यावर ढकलणं बरोबर नाही, प्रशिक्षकांच्या निवडीही फसल्या. तरी खेळाडू जिथून यायचे तिथला रस्ता तुम्ही स्वतः बंद केला, एवढं मान्य करावं लागतं.

पॅक-12 ची गोष्ट वेगळी, कारण तिथे एक अख्खं घर एका सकाळी रिकामं झालं.

ही कॉन्फरन्स 1915 च्या डिसेंबरमध्ये पोर्टलँडच्या एका हॉटेलात जन्मली. ऑरेगन स्टेट पहिल्या चारांतलं, वॉशिंग्टन स्टेट 1917 पासूनचं. 30 जून 2022 ला यूएससी आणि यूसीएलए यांनी 2024 पासून बिग टेनमध्ये जाणार असं जाहीर केलं, म्हणजे लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेली. लगोलग ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा 700 कोटी डॉलरहून मोठा करार केला. उरलेल्या दहांनी पुढच्या प्रक्षेपण कराराची वाट बघत वर्ष घालवलं, आणि इथेच चूक झाली. रांगेत मागे उभ्या असलेल्या बिग 12 च्या नव्या कमिशनरने, ब्रेट यॉर्मार्क यांनी, 2022 च्या ऑक्टोबरातच ईएसपीएन-फॉक्सशी सहा वर्षांचे 228 कोटी डॉलर पक्के करून टाकले. कॉलेजमागे वर्षाला साधारण 3 कोटी 17 लाख. फार मोठा भाव नव्हता, पण हातात होता. ईएसपीएन-फॉक्सची थैली तिथे मोकळी झाली आणि पॅक-12 च्या हाती शेवटी जे आलं ते ॲपलचं ताट: कॉलेजमागे सव्वादोन-अडीच कोटींच्या घरातली हमी, बाकी वर्गणीदार किती जमतील त्यावर. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला हे ऐकताना काय ऐकू येतं? की माझा सामना बघायला वेगळं ॲप विकत घ्यावं लागेल, आणि ओहायोतल्या सतरा वर्षांच्या पोराच्या घरी ते नसेल.

4 ऑगस्ट 2023 च्या सकाळची बैठक त्या करारावर सह्या करण्यासाठी होती. नेमकं सांगायचं तर 'ग्रँट ऑफ राइट्स'वर. ही कागदाची गोष्ट समजून घ्यावी, सगळ्या नाटकाची कळ तिथे आहे. कॉलेज आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क अमुक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे लिहून देतं. मधेच सोडून गेलात तरी हक्क मागेच राहतात. घर सोडा खुशाल, अंगणातला आंबा आमचा. मग नव्या कॉन्फरन्सला तुम्हाला घेऊन उपयोग काय? म्हणून हा कागद असला की कुणी हलत नाही. एसीसीचा, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा, हा कागद 2036 पर्यंतचा आहे. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सनने त्यातून सुटायला कोर्ट गाठलं, 2025 च्या मार्चमध्ये तडजोड झाली. आता बाहेर पडायचा दर ठरलेला आहे, साडेसोळा कोटी डॉलरपासून दरवर्षी 1 कोटी 80 लाखांनी उतरत 2030-31 मध्ये साडेसात कोटींवर. पॅक-12 चा जुना कागद 2024 च्या उन्हाळ्यात संपत होता आणि नव्यावर शाई पडली नव्हती. आठवडाभर आधी कोलोरॅडो बिग 12 कडे गेलं होतं. त्या सकाळी वॉशिंग्टन आणि ऑरेगनने बिग टेनचा रस्ता धरला, दिवस मावळायच्या आत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 मध्ये. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅल गेलं ते अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये. प्रशांत महासागर खिडकीतून दिसतो अशी दोन विद्यापीठं, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. बे एरियातल्या मराठी घरांत ही दोन्ही नावं पोरांच्या इंजिनिअरिंग प्रवेशामुळे रोजच्या बोलण्यातली, पण त्यांचा संघ शनिवारी फ्लोरिडातल्या टॅलाहासीला का चाललाय हे समजावताना तिथल्या पोरांचीही तारांबळ उडत असेल.

क्रूर विनोद असा की तो शेवटचा हंगाम पॅक-12 चा अनेक वर्षांतला सर्वोत्तम निघाला. वॉशिंग्टनने एकही सामना न गमावता लास वेगासला ऑरेगनला 34-31 ने नमवून शेवटचा चषक उचलला आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. त्याआधीचा ॲपल कप शेवटच्या क्षणी मारलेल्या फील्ड गोलने 24-21 असा वॉशिंग्टनने जिंकला. आणि कॉर्व्हालिसला रेझर स्टेडियमची पश्चिम बाजू सुरुंग लावून पाडून, 16 कोटी डॉलर ओतून नव्याने बांधली होती. ती उघडली 2023 च्या सप्टेंबरमध्ये, घर मोडल्यावर पाच आठवड्यांनी. नव्या खुर्च्यांना वासही असेल अजून. त्यासाठी काढलेलं कर्ज बड्या कॉन्फरन्सच्या मिळकतीच्या भरवशावरचं होतं.

उरलेल्या दोघांनी रडत बसण्याऐवजी कोर्ट गाठलं, आणि कोर्टही कोणतं, तर व्हिटमन काउंटीचं, पुलमनपासून पंधराएक मैलांवरच्या कोलफॅक्सचं. मुद्दा चोख होता. कॉन्फरन्सच्या नियमांत लिहिलेलं होतं की 1 ऑगस्ट 2024 च्या आधी जो बाहेर पडण्याची नोटीस देईल त्याची संचालक मंडळातली जागा जाईल. यूएससी-यूसीएलएला याच कलमाने बैठकीबाहेर बसवलं होतं, तेव्हा बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या. मग तेच कलम त्यांना का नको? 14 नोव्हेंबर 2023 ला न्यायाधीश गॅरी लिबी यांनी दोघांच्या बाजूने मनाई हुकूम दिला, पुढच्या महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला आणि मग वाटाघाट झाली. नाव, शिल्लक मालमत्ता, रोझ बाउल या मानाच्या सामन्यातून आणि बास्केटबॉल स्पर्धेतून येणारे पुढचे हप्ते, सगळं दोघांच्या ताब्यात. सातबाऱ्यावर नाव राहिलं, गाव मात्र उठून गेलं.

नाव टिकवायलाही मुदत होती. वरच्या पातळीच्या कॉन्फरन्सला फुटबॉल खेळणारे आठ सदस्य लागतात, कमी पडले तर दोन वर्षांची सवलत. त्या दोन वर्षांत तारखा भाड्याने घ्याव्या लागल्या. 2024 साठी माउंटन वेस्ट कॉन्फरन्सला 1 कोटी 40 लाख डॉलर मोजून दोघांनी सहा-सहा सामने मिळवले. पुढच्या वर्षासाठी किंमत जमली नाही, आणि मग या दोघांनी सरळ माउंटन वेस्टचीच माणसं उचलली: बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, मागून युटा स्टेट. सामन्यांच्या करारात माउंटन वेस्टने हा धोका ओळखून दंडाचं कलम घातलेलं होतं. पहिल्या कॉलेजमागे एक कोटी, पुढच्या प्रत्येकामागे पाच लाख चढते. पाचांचे मिळून साडेपाच कोटी. पॅक-12 ने कलमच बेकायदा म्हणत कोर्ट गाठलं. वर्षापूर्वी ज्यांचं घर लुटलं गेलं तेच शेजारच्या भिंतीवरून उतरत होते. त्यांना दोष द्यावा की नाही ठरवता येत नाही. बुडणारा माणूस शेजाऱ्याच्याच खांद्यावर पाय देतो, कारण जवळ तोच असतो.

जे गेले ते सुखात आहेत का, तर काही आहेत. ऑरेगनने पहिल्याच वर्षी बिग टेनचं विजेतेपद घेतलं, अंतिम सामन्यात पेन स्टेटला 45-37 ने हरवून. पण ऑरेगन आणि वॉशिंग्टन दोघंही अर्ध्या पानावर बसले आहेत, वर्षाला सुमारे तीन कोटी डॉलर आणि दरसाल दहा लाखांची वाढ, जुन्या सदस्यांच्या वाट्याच्या निम्म्याच्या आसपास. स्टॅनफर्ड-कॅलला सात वर्षं तीस टक्के. डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं एसीसीच्या टीव्हीच्या पैशातला वाटाच सोडला, देणगीदारांनी आठवड्याभरात दहा कोटी जमवून दिले, आणि पहिल्याच हंगामात संघ प्लेऑफमध्ये गेला. पंगतीत पान मिळावं म्हणून वाढप्यालाच पैसे द्यायचे, असला हा प्रकार. एकट्या कॅलची थोडी भरपाई झाली, कारण कॅल आणि यूसीएलए एकाच विश्वस्त मंडळाखाली येतात. मंडळाने ठरवलं की यूसीएलएने जाताना केलेल्या नुकसानाबद्दल कॅलला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत. तिथल्या लोकांनी त्याला 'कॅलिमनी' नाव ठेवलंय. आपल्याकडे सरळ पोटगी म्हटलं असतं.

आता वॉशिंग्टनची एक फेरी जवळून बघू. 27 सप्टेंबर 2024, शुक्रवार रात्र, न्यू जर्सीत रटगर्सविरुद्ध. सिॲटलला शरद सत्राचे वर्ग त्याच आठवड्यात बुधवारी सुरू झालेले. अशा फेरीत खेळाडूंच्या आधी सामान निघतं. सिॲटल ते रटगर्सचं गाव पिस्कॅटवे रस्त्याने सुमारे 2,800 मैल. सामानाचा लांब ट्रेलर, दोन चालक आलटून पालटून, तरी दोन दिवस लागतात. शुक्रवारचा सामना असेल तर सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी भरून निघायला हवा, म्हणजे मधल्या सरावाला वेगळे हेल्मेट-पॅड नाहीतर काही पेट्या विमानात. आत हेल्मेट, शोल्डर पॅड, कोरड्या आणि ओल्या मैदानाचे वेगवेगळे बूट, हेल्मेटच्या जाळीचे स्क्रू-क्लिपांचा डबा, हनुवटीचे पट्टे, चिकटपट्ट्यांचे खोके, तपासणीची टेबलं. एक पेटी मागे राहिली तर तिथे दुकानात मिळत नाही. परत येताना ट्रक रविवार-सोमवारी पोचतो, धुणं, दुरुस्ती, आणि गुरुवारी पुन्हा भरायचं. पूर्वेकडच्या दुपारी बाराच्या सामन्यात आणखी एक गोची आहे. चार तास आधी जेवण घ्यावं लागतं, म्हणजे सिॲटलच्या शरीराला पहाटे पाचला स्टेक आणि पास्ता. म्हणून संघ शुक्रवारऐवजी गुरुवारी निघतात, म्हणजे आणखी एक दिवस वर्ग बुडतो. रटगर्सच्या त्या रात्री वॉशिंग्टन 21-18 असं हरलं. त्याच हंगामात यूएससी मिशिगन, मिनेसोटा आणि मेरीलंडला जाऊन तिन्हीकडे सात किंवा कमी गुणांनी हरलं. फुटबॉलला निदान स्वतःचं विमान असतं आणि आठवड्यातून एकच सामना. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुली बुधवारी रात्री शिकागोला कनेक्टिंग विमानाची वाट बघत गृहपाठ करतात. टीव्हीचा करार त्यांच्या खेळासाठी झालेला नसतो, बॅगा मात्र त्यांनाही भराव्या लागतात.

मागे राहिलेल्यांची गळती वेगळी, आणि ती कागदावर लगेच दिसते. ऑरेगन स्टेटचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ तिथलेच माजी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारे खेळाडू. तेही 2023 च्या नोव्हेंबरात मिशिगन स्टेटला गेले. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या जागी आलेला जॉन मटीर एक हंगाम गाजवून ओक्लाहोमाला, प्रशिक्षक जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आल्यापासून चांगला खेळाडू घडवणं म्हणजे मोठ्यांसाठी रोप तयार करणं. आता कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, 2025-26 साठी मर्यादा कॉलेजमागे 2 कोटी 5 लाख डॉलर. बिग टेनवाल्यांचा नुसता टीव्हीचा वाटा याच्या कितीतरी वर. पुलमनला हा आकडा दुसऱ्या कुठल्या तरी खेळाच्या ताटातून उचलावा लागतो. 2025 च्या जूनमध्ये वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधले उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले आणि संघ मुख्यतः लांब पल्ल्याच्या धावण्यापुरता ठेवला. याच ट्रॅकवर तयार झालेल्या केनियाच्या हेन्री रोनोने 1978 मध्ये 81 दिवसांत चार जागतिक विक्रम मोडले होते. लांब पल्ला वाचला, हेच काय ते समाधान.

काही तारखा परत आल्याही. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम 2011 नंतर थेट 30 नोव्हेंबर 2024 ला भेटले, कारण टेक्ससही शेवटी ए अँड एमच्या कॉन्फरन्समध्ये, एसईसीमध्ये, आलं. कॅन्सस आणि मिझुरी 2025 च्या सप्टेंबरमध्ये. ओक्लाहोमाच्या दोन विद्यापीठांचं मात्र 2023 ला 27-24 वर जे थांबलं ते थांबलंच. ॲपल कप वाचला, पाच वर्षांचा करार झाला, 2028 पर्यंत. फक्त तो आता सप्टेंबरमध्ये असतो. 14 सप्टेंबर 2024 ला सिॲटलच्या लुमेन फील्डवर वॉशिंग्टन स्टेटने शेवटच्या मिनिटांत गोलरेषेवर भिंत उभी करून 24-19 असा जिंकला. वॉशिंग्टनचे विद्यार्थी तोवर सुट्टीवरून परतलेलेही नव्हते. पूर्वी या सामन्याला सिॲटलहून गाडीने निघायचं तर स्नोक्वाल्मी घाटात बर्फ, मग व्हँटेजला कोलंबिया नदी ओलांडून 26 नंबरच्या रस्त्याने पुलमनभोवतीच्या पलूस भागातल्या कापलेल्या गव्हाच्या टेकड्यांमधून पाचेक तास, साखळ्या डिकीत, आणि परतताना विद्यापीठाच्या डेअरीचं कूगर गोल्ड चीज, ते पत्र्याच्या डब्यातलं. आता त्याच रस्त्याने उन्हाचा चष्मा लावून जायचं. वैर आहे, स्वेटर नाही.

29 नोव्हेंबरच्या 32-8 ने वॉशिंग्टन स्टेटचे सहा विजय पुरे झाले, हंगामानंतरच्या बाउल सामन्याला लागतात तेवढे. म्हणजे भाड्याने आणलेल्या तारखांच्या हंगामात शेवटी उपयोगी पडला तो दुसरा उरलेला भाऊच. 2026 पासून पॅक-12 मध्ये फुटबॉलचे पुन्हा आठ होतात. आठवं आहे टेक्सस स्टेट, गाव सान मार्कोस, ऑस्टिनच्या थोडं खाली. पुलमनहून रस्त्याने सुमारे दोन हजार मैल. शनिवारच्या सामन्याला ट्रक बुधवारी निघायला हवा.